आडवाटेला जाणाऱ्या गाडीत नॅव्हिगेशनचा सेट : निवडताना काय पाहावे?

पूर्वी मोटारीत कारटेप बसवून देणारा कारागीर आता पडद्याचा सेट बसवून देतो. गाणी, मागचा कॅमेरा, फोन आणि नकाशा या चारही गोष्टी त्या एका पडद्यात आल्या आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा दिल्लीच्या करोल बागेत या मालाची दुकानांमागून दुकाने आहेत आणि बसवण्याच्या कामात आपले अनेक बांधव आहेत. दुकानात होणारा संवाद ठरलेला असतो. गिऱ्हाईक विचारते, "नॅव्हिगेशन आहे ना?" दुकानदार सांगतो, "आहे." शहरात गाडी चालवणाऱ्याचे एवढ्यावर भागते. परंतु जी गाडी पर्यटकांना घेऊन लडाख, स्पिती अथवा कच्छच्या रणात जाते, किंवा कोकणातून आखाती देशांत नोकरीला गेलेले आपले तरुण जी गाडी वाळवंटात चालवतात, तिच्या बाबतीत या 'आहे'चा अर्थ नीट तपासून घेणे आवश्यक आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये वृत्तपत्रांत एक दुःखद बातमी आली होती. तेलंगणातून सौदी अरबस्तानात कामासाठी गेलेला एक तरुण आणि त्याचा सुदानी सहकारी रुब अल खालीच्या वाळवंटात वाट चुकले. बातम्यांत म्हटल्याप्रमाणे जीपीएस चालेना, मोबाईलची बॅटरी संपली, गाडीतील इंधनही संपले आणि पुढे दोघांचे मृतदेह गाडीजवळ सापडले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. सौदी अरबस्तान, ओमान, अमिरात व येमेन या चार देशांत पसरलेला हा वाळूचा प्रदेश सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. तेथे वाट विचारायला माणूस भेटत नाही. अशा मुलखात जाणाऱ्या गाडीतला सेट हा करमणुकीचा माल राहत नाही. तो विकणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावर जबाबदारी येते.

स्थान वेगळे, नकाशा वेगळा

गिऱ्हाइकाच्या आणि पुष्कळदा दुकानदाराच्याही मनात एक घोटाळा असतो. जीपीएस आणि नकाशा या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. त्या वेगळ्या आहेत, हे एकदा ध्यानात आले की निम्मी फसगत टळते.

अमेरिकेच्या जीपीएसचे सुमारे तीस उपग्रह पृथ्वीपासून २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. प्रत्येक उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ रेडिओ लहरींनी सतत सांगत असतो. सेटमधील रिसीव्हर किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकतो, संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो आणि आपले अक्षांश-रेखांश ठरवतो. याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि भारताची नाविक या तशाच व्यवस्था आहेत. चांगला रिसीव्हर यांपैकी अनेकांचे संदेश एकत्र घेतो. मे २००० च्या आरंभापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. ती पद्धत बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली काही मीटरच्या आत जागा कळते.

परंतु अक्षांश-रेखांश म्हणजे केवळ दोन आकडे. त्या आकड्यांच्या जागी रस्ता आहे, ओढा आहे की कडा आहे, हे नकाशा सांगतो. आपल्याला सवयीचा असलेला नकाशा चालता चालता मोबाईलच्या जाळ्यातून तुकड्या-तुकड्याने उतरत असतो. मोबाईलचा मनोरा मागे पडला की तो येणे थांबते. मग पडद्यावर काय राहते? कोऱ्या चौकोनावर एक बाण. गाडी कोठे आहे हे सेटला माहीत असते, पण तेथे काय आहे हे माहीत नसते. दुकानात आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून सेट दाखवणारा विक्रेता खोटे बोलत नसेलही. पण तो गिऱ्हाइकाला शहरातले नॅव्हिगेशन दाखवतो आणि गिऱ्हाईक ते रानातले समजून घरी नेते.

आणखी एक बारकावा. दीर्घकाळ बंद असलेला किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलेला सेट पहिल्यांदा चालू केला, की त्याला उपग्रह शोधायला वेळ लागतो. इंटरनेट असेल तर उपग्रहांची माहिती त्याला झटकन मिळते. नसेल तर ती उपग्रहाकडूनच हळूहळू उतरते आणि संपूर्ण वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून मुक्कामावरून निघताना गाडी मोकळ्या जागी उभी करून सेट दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. "सेट खराब आहे" या तक्रारींपैकी काही तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

सेटचे तीन प्रकार

पहिला प्रकार गाडीच्या कारखान्यातूनच आलेल्या नॅव्हिगेशनचा. तो चाकांच्या वेगाशी जोडलेला असल्याने बोगद्यातही बाण पुढे सरकत राहतो, हे त्याचे बलस्थान. पण त्यात आपल्याला हवा तो नकाशा किंवा दुसऱ्याने दिलेली वाट सहसा भरता येत नाही. डांबरी रस्ता सोडला की त्याचा उपयोग कमी होतो.

दुसरा प्रकार मोबाईलचे चित्र पडद्यावर आणणाऱ्या सेटचा, म्हणजे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले. येथे नकाशा मोबाईलमध्ये असतो, सेट केवळ आरसा असतो. मोबाईल बंद पडला की आरशात काही दिसत नाही. मात्र मोबाईलमध्ये साठवलेला नकाशा असेल तर हा प्रकार वाईट नाही.

तिसरा प्रकार अँड्रॉइड सेटचा. हा स्वतःच एक संगणक आहे. त्यात जीपीएसचा रिसीव्हर असतो, हवी ती ॲप भरता येतात, नकाशे साठवता येतात. आडवाटेच्या प्रवासाला आमची पसंती याच प्रकाराला आहे. येथे एक सावधगिरी. 'अँड्रॉइड सेट' आणि 'अँड्रॉइड ऑटोचा सेट' हे शब्द बाजारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. विचारताना असे विचारावे : "मोबाईल घरी ठेवला तर या सेटमध्ये नकाशा चालेल का?"

ज्यांच्याजवळ आता चांगला चालणारा मोबाईल किंवा टॅब्लेट आहे आणि वर्षाकाठी एखादीच सफर होते, त्यांनी व्याजाच्या हप्त्यावर तीस-चाळीस हजारांचा सेट घेण्याचे कारण नाही. मजबूत ब्रॅकेट, चार्जिंगची पक्की वायर आणि साठवलेला नकाशा एवढ्यावर त्यांचे काम होईल. ज्याची गाडी रोजच्या रोजीसाठी आडवाटेला जाते त्याची गोष्ट निराळी. त्याच्या गाडीत काचेवर उन्हात टांगलेला मोबाईल तापून बंद पडतो, खड्ड्यांनी ब्रॅकेट सुटतो, वायर निघते. डॅशमध्ये पक्का बसवलेला सेट त्यालाच खरा उपयोगी.

पैसे नकाशासाठी मोजावेत

ऑस्ट्रेलियात आडवाटेच्या पर्यटनाचा धंदा जुना आहे. तेथे हेमा नावाची कंपनी केवळ कच्च्या वाटांच्या नकाशांसाठी ओळखली जाते, आणि गिऱ्हाईक सेट घेताना "कोणता नकाशा?" हे आधी विचारते. आपल्याकडे अजून "किती इंचाचा पडदा?" हा पहिला प्रश्न असतो.

गुगलचा नकाशा ठराविक क्षेत्रापुरता साठवून ठेवता येतो आणि मोटाररस्त्यांसाठी तो उत्तम आहे. परंतु साठवलेल्या नकाशाची मुदत संपते, त्यात उपग्रहाची छायाचित्रे येत नाहीत आणि कच्च्या वाटा फारशा नसतात. याला पूरक म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ॲप घ्यावीत. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार केलेला खुला नकाशा आहे. त्यावर चालणारी ऑसमअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप एखादे राज्य किंवा देशच्या देश सेटमध्ये साठवून घेतात व इंटरनेटवाचून गावाचे नाव शोधतात, वाट दाखवतात. ऑसमअँडमध्ये समोच्च रेषाही दिसू शकतात. या रेषा जेथे दाट तेथे चढ तीव्र, जेथे विरळ तेथे जमीन सपाट. घाटात गाडी घालण्यापूर्वी त्या पाहाव्यात.

एकावर विसंबू नये. दोन वेगळ्या नकाशांवर जी वाट दिसते ती बहुधा असते. एकाच नकाशावर असलेली वाट ओढ्याने वाहून गेलेली असू शकते, किंवा ती केवळ बैलगाडीची असू शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे कागदी नकाशे आजही उपयोगी आहेत. फक्त जुन्या कागदी नकाशाची मोजणीची बैठक एव्हरेस्ट नावाची होती आणि जीपीएसची बैठक डब्ल्यूजीएस-८४ आहे. जुन्या नकाशावरून आकडे उचलून सेटमध्ये भरले तर जागा सरकते. नव्या खुल्या मालिकेतील नकाशांत ही अडचण नाही.

वाळवंटात तर 'पुढच्या चौकात डावीकडे वळा' हे ऐकण्यात अर्थच नाही. तेथे चौक नाही. तेथे लागतात तीन गोष्टी : खुणेची जागा, गेलेल्या गाडीचा माग आणि दिशा. खुणेची जागा म्हणजे विहीर, छावणी, पेट्रोल पंप यांचे आकडे. माग म्हणजे गाडी ज्या वाटेने गेली त्या वाटेवरील शेकडो ठिपक्यांची माळ. हे सर्व जीपीएक्स नावाच्या फाईलमध्ये साठवले जाते आणि एका चालकाकडून दुसऱ्याला पेनड्राईव्हवर देता येते. सेट जीपीएक्स फाईल उघडतो का आणि स्वतःचा माग नोंदवतो का, हे दोन प्रश्न आडवाटेच्या गिऱ्हाइकासाठी पडद्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहेत.

मागाचे महत्त्व सबखाच्या उदाहरणावरून कळेल. आखातात किनाऱ्यालगत आणि वाळूच्या टेकड्यांमधील सखल भागात मिठाची सपाट जमीन असते, तिला सबखा म्हणतात. वरून ती कोरडी, कडक, मैदानासारखी दिसते. आत ओला चिखल असतो. पापुद्रा फुटला की गाडी आसापर्यंत रुतते, आणि वाळूतून गाडी काढण्याच्या युक्त्या तेथे चालत नाहीत. कच्छच्या रणातही पावसानंतर कित्येक महिने अशीच स्थिती असते. नकाशावर ही जमीन निव्वळ कोरी दिसते, म्हणून सरळ रेषेत जाण्याचा मोह होतो. परंतु आधीच्या गाडीचा माग तिला वळसा घालून गेलेला असेल, तर तो वळसा उगाच घातलेला नाही असे समजावे. परतीच्या वेळीही स्वतःच्याच मागावरून उलट यावे. वाऱ्याने वाळूतली चाकोरी पुसली जाते, सेटमधली पुसली जात नाही.

आकडे लिहिण्याची पद्धत

एकाच जागेचे आकडे दोन-तीन प्रकारे लिहितात आणि येथे मोठी चूक होते. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा. अंशांच्या दशांशात ते १८.५० होतात, अंश-मिनिटांत १८ अंश ३० मिनिटे होतात. फोनवर कोणी "अठरा तीस" सांगितले आणि ऐकणाऱ्याने सेटमध्ये १८.३० भरले, तर बाण सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला, पुरंदरच्या बाजूला जाऊन बसतो. पुण्याजवळ ही चूक हसण्यावारी जाईल, वाळवंटात जाणार नाही. सफरीचा धंदा करणाऱ्यांनी आपल्या सर्व चालकांसाठी एकच पद्धत ठरवावी. आम्ही दशांशाची पद्धत सुचवतो, आणि टिंबानंतर किमान चार आकडे.

येथेच किब्ल्याविषयी. सफरीवरचे आपले बांधव सेटमधला बाण पाहून किब्ला ठरवतात. जीपीएसला दिशा कळते ती गाडी चालत असताना, आधीची जागा आणि आताची जागा यांच्या तुलनेतून. गाडी उभी राहिली की बाण भलतीकडे फिरू शकतो. मोबाईलमधील होकायंत्र चुंबकाचे असते, पण गाडीतील पोलाद आणि स्पीकरचे चुंबक त्याला चुकवतात. म्हणून गाडीपासून दहा-वीस पावले दूर जाऊन होकायंत्र पाहावे, किंवा गाडी सरळ थोडी चालवून दिशा घ्यावी. नमाजच्या वेळा मात्र अक्षांश-रेखांश आणि तारखेवरून निघतात, त्यामुळे त्या इंटरनेटवाचूनही बरोबर मिळतात.

सेटचा जिन्नस

बाजारात आठ-दहा हजारांपासून पस्तीस-चाळीस हजारांपर्यंत सेट मिळतात. नकाशांच्या कामाला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असावी. स्वस्त मालात सेटिंगच्या पानावर दाखवलेले आकडे खोटे असू शकतात. आत २ जीबी असून बाहेर ४ लिहिलेले, जुने अँड्रॉइड असून नव्याचा क्रमांक दाखवलेला, असे प्रकार घडतात. हार्डवेअर तपासणारे एखादे ॲप भरून खरे आकडे पाहता येतात. आपल्या दुकानदारांनी घाऊक माल उचलताना प्रत्येक खेपेतला एक सेट असा तपासावा. मालातील दोष गिऱ्हाइकापासून लपवू नये ही आपल्या धर्माची स्पष्ट शिकवण आहे, आणि दोष आपल्यालाच माहीत नव्हता ही सबब जाणत्या व्यापाऱ्याला शोभत नाही.

पडद्याबाबत आमचे मत बाजाराच्या उलट आहे. नऊ-दहा इंची पडदा डॅशच्या बाहेर येतो, खडबडीत वाटेवर हलतो आणि सैल होतो. डबल डिन मापाच्या, म्हणजे साधारण १८० बाय १०० मिलिमीटरच्या खाचेत बसणारा सात इंची सेट चारही बाजूंनी धरलेला राहतो. त्यापेक्षा उजेड पाहावा. दुकानातल्या सावलीत सर्वच पडदे झगमगतात. सेट दुपारी उघड्या जीपमध्ये नेऊन पाहावा. आवाजाचे फिरते बटण आणि मुख्य पानाचे दाबायचे बटण असलेला सेट घ्यावा, कारण गचके बसत असताना काचेवर बोट नेमके टेकत नाही. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅश सत्तर अंशांच्या आसपास तापतो. तेव्हा मागे हवा खेळायला जागा असलेला, धातूच्या पाठीचा सेट बरा.

चाकाच्या वेगाची वायर सेटला जोडून बोगद्यात बाण चालू ठेवण्याची सोय काही महाग सेटमध्ये असते. रोहतांगखालच्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यात तिचा उपयोग होईल. मोकळ्या आकाशाखालच्या वाळवंटात तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

बसवण्याचे काम

कारागीर बांधवांसाठी हा भाग. सेट चांगला असूनही बसवण्यात चूक झाली तर गिऱ्हाईक सेटला नावे ठेवते आणि दुकानाला आधी.

जीपीएसचा अँटेना ही काड्यापेटीएवढी चौकोनी डबी असते. घाईत ती सेटच्या मागे कोंबली जाते. तिला आकाश दिसले पाहिजे. डॅशच्या प्लॅस्टिकखाली, काचेच्या जवळ, तोंड वर करून ती चिकटवावी. वर लोखंडी पट्टी येऊ देऊ नये. उष्णता परतवणाऱ्या काही काचांत व फिल्ममध्ये धातूचा अंश असतो, तो संदेश अडवतो. तसेच डॅशकॅम आणि त्याची वायर अँटेनापासून शक्य तितकी लांब ठेवावी, तिच्यामुळे उपग्रह पकडण्यात व्यत्यय येतो. काम झाल्यावर किती उपग्रह पकडले हे दाखवणारे ॲप उघडून गिऱ्हाइकाला दाखवावे.

वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळण्याची पद्धत आडवाटेच्या गाडीत वर्षभरही टिकत नाही. उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो आणि गचक्यांनी पीळ सुटतो. त्या गाडीसाठी मिळणारा कपलरच वापरावा. मूळ वायर कापली तर गाडीची कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हे वेगळेच. पिवळी वायर बॅटरीच्या कायम करंटची, लाल वायर चावीच्या करंटची, काळी अर्थची. अर्थ नेहमी रंग खरवडलेल्या बॉडीला स्वतंत्र बोल्टने द्यावा. सेटच्या मागच्या बाजूलाही एक पट्टी देऊन तो बांधावा, केवळ पुढच्या फ्रेमवर सोडू नये.

अँड्रॉइड सेट चावी काढल्यावर पूर्ण बंद होत नाही, पटकन चालू व्हावा म्हणून झोपेत राहतो आणि थोडा करंट खात राहतो. शहरात रोज चालणाऱ्या गाडीत हे कळतही नाही. थंड डोंगरात दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी मात्र याच कारणाने सुरू न होण्याची शक्यता असते. मल्टिमीटर लावून उभ्या गाडीचा करंट मोजावा. गाडी पूर्ण शांत झाल्यावर तो ५० मिलिअँपिअरच्या वर राहत असेल तर दोष शोधावा. सेटिंगमध्ये थोड्या वेळाने पूर्ण बंद होण्याची सोय असते, ती आडवाटेच्या गाडीत चालू करून द्यावी. हँडब्रेकची वायर अर्थला जोडून चालत्या गाडीत चित्रपट दिसण्याची 'सोय' करून देणारेही आहेत. ते काम नाकारावे.

कायद्याच्या चार गोष्टी

साधा जीपीएस रिसीव्हर असलेला सेट गाडीत बसवण्यास हरकत नाही. अडचण येते ती उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या उपकरणांची. थुराया, इरिडियम यांसारखे सॅटेलाइट फोन आणि हातातील सॅटेलाइट मेसेंजर भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणे व वापरणे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळांवर अशी उपकरणे सापडल्याने परदेशी प्रवाशांवर पोलीस कारवाई झाली. आखातात ही उपकरणे दुकानात उघड मिळतात, त्यामुळे सुट्टीवर येताना सामानात राहून जाणे सहज शक्य आहे. आपल्या माणसांना हे आधी कळवून ठेवावे.

आयात करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, भारताची बाह्य सीमा चुकीची दाखवणारा नकाशा आणणे हा सीमाशुल्क कायद्याने निषिद्ध व्यवहार आहे आणि असा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिक्षेस पात्र गुन्हा आहे. परदेशी सेटमध्ये आधीच भरलेला नकाशा काश्मीर व अरुणाचलच्या ठिकाणी उघडून पाहावा. वायफाय-ब्लूटूथ असलेल्या मालाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, तिचा क्रमांक घाऊक व्यापाऱ्याकडून बिलासोबत मागून घ्यावा.

तसेच नकाशावर वाट दिसते म्हणून ती मोकळी आहे असे नव्हे. अभयारण्य, सीमाभाग, लष्करी क्षेत्र यांतील वाटा नकाशात असतात, परवाना मात्र वेगळा काढावा लागतो.

घेण्यापूर्वीची परीक्षा

हॉटस्पॉट बंद करावा, मोबाईल विमान मोडवर टाकावा आणि सेट लावलेली गाडी पाच-सात किलोमीटर चालवावी. एखाद्या लहान गावाचे नाव शोधून वाट मागावी. पेनड्राईव्हवरून जीपीएक्स फाईल भरावी. माग नोंदवत जावे आणि त्याच मागावरून परत यावे. गाडी बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा चालू करावी, नकाशा व माग जागेवर आहेत का पाहावे. एवढ्यात जो सेट उतरेल तो घ्यावा. दुकानदार ही परीक्षा करू देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

आणि सेट कितीही चांगला असला तरी साधे होकायंत्र, कागदी नकाशा व खुणेच्या जागांचे आकडे लिहिलेली वही गाडीत असावी. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षाच्या दिवसांत होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या परिसरात अनेक जहाजांना जीपीएसवर चुकीची जागा दिसत होती. तो दोष जहाजावरच्या यंत्रांचा नव्हता, संदेशच बिघडवले जात होते. निघताना वाट व परतीची वेळ घरी किंवा मालकाकडे लिहून ठेवावी, म्हणजे उशीर झाल्यास शोध कोठून सुरू करायचा हे कळते.

दुकानदारांना एक सूचना. बिलावर केवळ 'अँड्रॉइड सेट' असे लिहू नये. मॉडेल, खरी रॅम, कोणते नकाशे कोणत्या तारखेला भरले, कपलर वापरला की नाही आणि गॅरंटी दुकानाची की कंपनीची, हे सर्व लिहावे. नकाशे भरून देणे व चालकाला अर्धा तास शिकवणे याची मजुरी वेगळी लावावी. हे कसबाचे काम आहे, ते सेटच्या किमतीत फुकट घालण्याची गरज नाही. उन्हाळ्यात मनाली-लेह मार्ग खुला होण्याआधी, तसेच रणाच्या हंगामासाठी दिवाळीच्या सुमारास जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून नवे नकाशे भरून घेण्यास बोलवावे. त्याच वेळी अँटेना, अर्थ आणि मागची पट्टीही तपासून घेता येते.